पुढे काय झालं?

ईएमटीच्या, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाच्या, प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात मी ज्या छातीवर हात ठेवले, ती प्लास्टिकची होती. दाब पुरेसा खोल गेला की आतून ‘टक्’ असा आवाज यायचा. कमी पडला तर पुतळा गप्प. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पुन्हा पूर्ण वर येऊ द्यायची. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले होते, पण अंगात मुरले ते त्या आवाजामुळे. दोन मिनिटांत दंड भरून यायचे, टक्-टक् विरळ व्हायची, आणि शेजारी उभ्या असलेल्या सरांनी तोंड उघडायच्या आत मला कळायचं की आपण थकलोय, आता दुसऱ्याने हात लावायला हवेत.

अशा पुतळ्याची सुरुवात १९६० साली नॉर्वेत झाली. आस्मुंड लेर्डाल हे तिथले खेळणी बनवणारे कारखानदार. तोंडाने श्वास देण्याचं तंत्र नुकतंच पुढे आलं होतं आणि जिवंत माणसांवर त्याचा सराव करणं अवघड होतं, म्हणून त्यांनी माणसाएवढी बाहुली घडवली. आज जगात कुठेही ईएमटी व्हायला गेलात तरी पहिले काही दिवस अशाच एखाद्या पुतळ्यासमोर गुडघे टेकावे लागतात. त्याच्याइतका प्रामाणिक शिक्षक मला पुढे भेटला नाही. बरोबर केलंत तर सांगतो, चुकलात तर सांगतो, आणि तेही त्याच क्षणी.

मग प्रमाणपत्र मिळतं, गणवेश मिळतो, गाडीवर नाव लागतं. आणि आवाज बंद होतो.

रुग्णवाहिकेतल्या कामाचा शेवट नेहमी एकाच दाराशी होतो. स्ट्रेचर कॅज्युअल्टीत ढकलायचं, वय, तक्रार, नाडी, बीपी, काय दिलं, किती वाजता दिलं, हे दीड-दोन मिनिटांत सांगायचं, कागदावर सही घ्यायची. चादर बदलायची, स्ट्रेचर पुसायचं, ऑक्सिजनचा सिलिंडर किती उरलाय ते बघायचं, रेडिओवर ‘मोकळे’ म्हणायचं. त्या दारापलीकडे रुग्णाचं काय झालं? मला जो हृदयविकार वाटला तो हृदयविकारच होता का? मी मान धरून ठेवली तिथे खरंच मोडलं होतं का? बाळ रडलं का? बहुतेक ईएमटींना याचं उत्तर मिळत नाही. एखाद्या दिवशी नाही असं नव्हे, अख्ख्या नोकरीत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णाचं पुढे काय झालं हे समजणं हा ईएमटीचा हक्क असायला हवा, आणि ते कळवणं हा रुग्णालयाच्या कामाचा भाग मानला जावा. ओळखीपाळखीवर किंवा कुणाच्या चांगुलपणावर ते सोडून देणं बंद व्हावं. या व्यवसायात प्रशिक्षण वाढवा, अशी मागणी सगळीकडे होते. कुठे दीडशे-दोनशे तासांचा अभ्यासक्रम असतो, तर कुठे तीन वर्षांची पदवी. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पॅरामेडिकच्या (रुग्णवाहिकेतलाच, पण ईएमटीच्या वरच्या पातळीचा माणूस) अभ्यासक्रमाची किमान पातळीच पदवीची झाली. ही मागणी मला मान्य आहे. पण तास कितीही वाढवले तरी ते दारापाशीच संपणार असतील, तर आपण माणसाला डोळे बांधून नेम धरायला शिकवतो आहोत. दहा हजार बाण मारूनही त्याला कळणार नाही की बाण कुठे लागले.

हे मी दुसऱ्यांच्या अनुभवावरून बोलत नाही.

नोकरीला दीड वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. घरात पडलेल्या एका आजींसाठी कॉल आला. कपाळावर छोटी खोक, रक्त थांबलेलं. बोलणं थोडं असंबद्ध. सून म्हणाली, “हल्ली त्या अशाच बोलतात.” नाडी, बीपी, साखर, सगळं बरं. मी खोक बांधली, वाटेत आजींशी बोलत राहिले, हात हातात धरून ठेवला. त्याही हसल्या. रुग्णालयात सोपवताना मी म्हणाले, “पडल्या आहेत, कपाळाला खोक आहे, गोंधळलेपण नेहमीचंच आहे.” आपण काम नीट केलं, या समाधानात परत निघाले.

चार महिन्यांनी त्याच रुग्णालयाच्या जिन्यात तिथल्या एक सिस्टर भेटल्या. दुसऱ्याच कशावरून विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, “त्या आजी तूच आणल्या होत्यास ना?” आजींना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. डोक्यात आत रक्तस्राव होत होता. माझं ‘नेहमीचंच’ हे वाक्य तिथल्या कागदावर तसंच्या तसं उतरलं, त्यामुळे त्यांना मागे बसवून ठेवलं गेलं आणि स्कॅनला उशीर झाला. आजी वाचल्या, पण बोलणं परत आलं नाही.

दोन प्रश्न विचारायचे राहिले होते. “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” आणि “आज सकाळी त्या कशा बोलत होत्या?” दोन्ही मला शिकवलेले होते. परीक्षेत मी ते लिहिलेही होते. अपराधीपणाचं ओझं माझं आहे, ते मी कुणावर टाकत नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती आजींमुळे जितकी, तितकीच मधल्या चार महिन्यांमुळे. त्या चार महिन्यांत पडलेले कितीतरी वृद्ध मी उचलले होते, आणि प्रत्येकाच्या बाबतीत घरच्यांचं ‘हे असंच असतं’ मी तितक्याच सहज मानलं होतं. आपण चुकतोय हेच मला माहीत नव्हतं. उलट दर वेळी माझा आत्मविश्वास वाढत होता, कारण कुणी काही म्हणत नव्हतं. आमच्या कामात अनुभव आणि सवय बाहेरून अगदी सारखे दिसतात. फरक पडतो तो परत आलेल्या बातमीने.

सिस्टर जिन्यात भेटल्या नसत्या तर?

एका माणसाच्या बाबतीत जे होतं, ते अख्ख्या व्यवसायाच्या बाबतीतही झालेलं आहे. स्पाइन बोर्डचंच बघा. अपघातातल्या माणसाला कडक फळीवर पट्ट्यांनी आवळून, मानेला कॉलर लावून न्यायचं, हा कित्येक दशकं आमच्या कामाचा जणू धर्म होता. मणक्याला इजा असेल तर हालचालीने ती वाढेल, हा त्यामागचा विचार ऐकायला पटणारा होता. फळीने खरोखर फायदा होतो का, हे मात्र फारसं कुणी रुग्णाच्या मागे जाऊन पाहिलं नव्हतं. १९९८ साली मार्क हॉसवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन विद्यापीठ रुग्णालयांतले पाच वर्षांचे कागद काढले. एक मलेशियातलं, जिथे मणक्याला इजा झालेले १२० रुग्ण एकालाही फळी न लावता आणले गेले होते. दुसरं अमेरिकेत न्यू मेक्सिकोतलं, जिथे ३३४ च्या ३३४ रुग्ण बांधून आणले होते. मज्जातंतूंची हानी फळी न लावलेल्यांत कमी निघाली. दोन देशांची तुलना आहे, रुग्ण वेगळे, रस्ते वेगळे, त्यामुळे या एका अभ्यासावर सगळा भार टाकता येत नाही. पण त्याने प्रश्न उघड्यावर आणला. २०१३ पर्यंत अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकांच्या आणि शल्यविशारदांच्या संघटनांनी फळीचा सरसकट वापर आवरा, असं लेखी सांगितलं. तोवर किती माणसं उपाशी, ओली, तासन्‌तास त्या कडक फळीवर पाठ दुखवत पडून राहिली असतील!

ऑक्सिजनचंही तसंच. धाप लागलीय तर मास्क लावा आणि प्रवाह पूर्ण सोडा, हे आम्हाला पाठ होतं. ऑक्सिजनने कुणाचं वाईट कसं होईल? ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या पॅरामेडिक मंडळींनीच भाग घेतलेल्या एका चाचणीत ४०५ रुग्ण होते, सगळ्यांना फुप्फुसाचा जुना अडथळ्याचा विकार असावा असं वाटत होतं. काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना रक्तातलं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच मोजून. २०१० मध्ये निकाल छापला गेला तेव्हा मोजून दिलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. रुग्णवाहिकेच्या आत बसून हे कुणालाही दिसलं नसतं. गाडीत तर मास्क लावला की रुग्णाला बरं वाटतं, ओठांचा निळेपणा जातो, बोटावरच्या यंत्रातला आकडा चढतो. बिघाड पुढे होतो, दारापलीकडे.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती नळीची गोष्ट.

इन्ट्युबेशन म्हणजे बेशुद्ध माणसाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी सरकवणं. हे पॅरामेडिकचं काम, ईएमटीचं नव्हे, पण आम्ही शेजारी असतो, श्वास देणारी पिशवी आम्हीच दाबतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका एकमेकींना लागून आहेत. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर हवा पोटात जाते आणि माणूस आमच्या हाताखाली गुदमरतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथे काट्झ आणि फॉक या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. नळी घालून आणलेला रुग्ण दारातून आत आला की नळी कुठे आहे ते लगेच तपासायचं आणि लिहून ठेवायचं. १०८ रुग्णांपैकी २७ जणांची नळी चुकीच्या जागी होती. चारांत एक. २००१ साली हे छापून आलं तेव्हा खळबळ माजली. आणणारी माणसं अडाणी नव्हती, बेफिकीर नव्हती. छातीला स्टेथोस्कोप लावून, श्वासाचे आवाज ऐकून, ‘नळी बरोबर आहे’ असं मनापासून मानूनच ती गाडी चालवत आली होती. वर्षानुवर्षं तसंच मानत आली होती.

पुढे त्याच भागात नळीतून बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत मोजणारं यंत्र वापरात आलं. नळी श्वासनलिकेत असेल तर पडद्यावर दर श्वासाला एक उंचवटा उमटतो. अन्ननलिकेत असेल तर सरळ रेघ. २००५ च्या अभ्यासात, हे यंत्र ज्यांना लावलं होतं त्या रुग्णांत लक्षात न आलेली चुकीची नळी एकही नव्हती. यंत्र नव्हतं त्यांच्यात ती २३ टक्क्यांहून जास्त होती. माणसं त्याच भागातली, काम तेच. फरक इतकाच की आता त्यांना त्याच क्षणी उत्तर मिळत होतं. पुतळ्याची ‘टक्’ पडद्यावर परत आली होती. आणि मुळात ते यंत्र वापरायची निकड जाणवली, कारण कुणीतरी दाराशी उभं राहून पाहिलं आणि निकाल आणणाऱ्यांपर्यंत परत पोचवला.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण आमचं काम मोजायची पट्टीच वेगळी आहे. आमचं काम मिनिटांत मोजतात. कॉल किती वाजता आला, चाकं किती वाजता हलली, किती वाजता पोचलात. मिनिटांचं महत्त्व मी नाकारत नाही. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब किंवा शॉक मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल परिसरातल्या अभ्यासातून डॉक्टर मिकी आयझेनबर्ग यांनी दाखवलं होतं की ४ मिनिटांत सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) आणि ८ मिनिटांत पुढचे उपचार मिळाले तर जास्त माणसं जगतात. हा निष्कर्ष होता हृदय बंद पडलेल्या माणसांबद्दल. पण त्यातले ८ पुढे सुटे झाले आणि अनेक ठिकाणी इतर तऱ्हेच्या कॉलनाही चिकटले. आज ज्या पथकाने आठव्या मिनिटाला पोचून चुकीचं केलं ते तक्त्यात हिरवं दिसतं, आणि ज्याने दहाव्या मिनिटाला पोचून जीव वाचवला ते लाल. आयझेनबर्ग यांनी माणसं जगली की नाही हे मोजलं होतं म्हणून त्यांना मिनिटं सापडली. आपण मिनिटं ठेवली आणि माणसं सोडली.

हृदय बंद पडण्याच्या बाबतीत निदान मोजदाद होते, हे मान्य करायला हवं. १९९० साली नॉर्वेतल्या उत्स्टाइन मठात वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ जमले आणि अशा प्रत्येक रुग्णाची नोंद कशी ठेवायची याचा एकच नमुना त्यांनी ठरवला. त्यात रुग्ण घरी गेला का, हाही रकाना आहे. पण ती नोंद वर जाते. वार्षिक अहवालात टक्केवारी येते, माझा रुग्ण येत नाही. शिवाय हृदय बंद पडलेले रुग्ण आमच्या कामाचा लहानसा भाग. पडलेले वृद्ध, धाप लागलेले, फिट आलेले, चक्कर आलेले, नुसते घाबरलेले, यांच्यासाठी असा रकानाच नाही, आणि आमचे दिवस भरतात ते यांनीच.

ज्यांनी हे वेगळ्या तऱ्हेने केलं त्यांच्याकडे मी फार आदराने बघते. १९६७ मध्ये पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर अमेरिकेत अनेक ठिकाणी रुग्णाला नेण्याचं काम पोलिसांची गाडी किंवा अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्यांची शववाहिका करत असे. मागे रुग्णाजवळ कुणी बसेलच असं नव्हतं. पीटर सफार या भूलतज्ज्ञांनी शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण हाताशी धरले, ज्यांना ‘यांना नोकरी देऊन उपयोग नाही’ असं समाज म्हणत होता, आणि त्यांना सुमारे ३०० तास शिकवलं. त्याआधीच्या वर्षी सफार यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. ही मुलं वर्गात शिकली तशी रुग्णालयातही शिकली. दारापलीकडे काय चालतं हे त्यांनी आत उभं राहून पाहिलं. १९७०च्या दशकात नॅन्सी कॅरोलाइन ही तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय संचालक झाली. ती गाडीत त्यांच्यासोबत जाई आणि केस संपली की काय चुकलं, काय जमलं ते त्यांच्याशी बोले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत गेलेल्या या अनुभवी माणसांपैकी अनेकांना बाजूला सारण्यात आलं. ते दुःख वेगळं आणि मोठं आहे. पण डॉक्टर आणि रुग्णवाहिकेतला माणूस एकाच रुग्णाबद्दल एकत्र बसून बोलतात, ही साधी गोष्ट तिथे पन्नास वर्षांपूर्वी घडत होती. तेव्हा ना संगणक होते, ना मोबाइल.

आता आक्षेपांकडे येते. पहिला असतो रुग्णाच्या खाजगीपणाचा. हा आक्षेप आदराचा आहे, पण इथे तो लागू पडत नाही. रुग्णाने ज्याच्यासमोर अंगावरचे कपडे कापू दिले, ज्याला आपल्या गोळ्या आणि व्यसनं सांगितली, तो त्याच्या उपचारातलाच माणूस आहे. अमेरिकेचा १९९६ चा आरोग्यविषयक माहितीचा कायदा या बाबतीत कडक समजला जातो. पण त्याच रुग्णावर उपचार केलेल्या दोन संस्थांनी कामाचा दर्जा तपासण्यासाठी माहिती देण्याघेण्याला तोही मोकळीक देतो. आणि मला नाव-पत्ता नकोच आहे. केस क्रमांक आणि निदान पुरे.

दुसरा आक्षेप वेळेचा. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यात हे कोण करणार? खरं आहे. म्हणूनच हे त्यांच्या मर्जीवर टाकू नये, नोंदीच्या यंत्रणेतच बसवावं. रुग्णवाहिकेचा केस क्रमांक रुग्णालयाच्या कागदाला जोडला, तर रुग्णाला सोडताना लिहिलं जाणारं निदान आपोआप परत येऊ शकतं. प्रत्येक रुग्णाचं नको असेल तर ज्याचं पथकाने विचारलं त्याचं द्या.

तिसरा आक्षेप ऐकला की मी थोडी अस्वस्थ होते, कारण तो आमच्यातल्याच मोठ्या मनाच्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, मुलं आधीच पुष्कळ सोसतात, त्यात ‘तो गेला’ हे कशाला सांगायचं? मी अशा बातम्या ऐकल्या आहेत. त्या जड असतात. पण न कळण्यानेही मन रिकामं राहत नाही. ते स्वतःच शेवट रचतं, आणि रात्री तीन वाजता रचलेला शेवट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतो. माझ्यासोबतचा एक सहकारी एका लहान मुलाच्या केसनंतर वर्षभर स्वतःला दोष देत होता. मुलाच्या हृदयात जन्मतःच मोठा दोष होता, कुणीही पोचलं असतं तरी काही होण्यासारखं नव्हतं, हे त्याला वर्षाने कळलं. ते वर्ष त्याला कोण परत देणार? बातमी कशी द्यावी, कुणी द्यावी, नको म्हणणाऱ्याला न ऐकण्याचा हक्क असावा, हे सगळं ठरवता येईल. मात्र दार कायम बंद ठेवणं म्हणजे काळजी घेणं, असं मला वाटत नाही.

सर्वांत खरी भीती चौथी आहे, आणि ती उघडपणे कुणी बोलत नाही. परत आलेला निकाल शिक्षेसाठी वापरला जाईल. ‘तुम्ही पाच केसमध्ये चुकलात’ असा कागद बढतीच्या वेळी समोर येईल. असं झालं तर कुणीही काही विचारणार नाही, आणि हँडओव्हरमध्ये, म्हणजे रुग्ण सोपवताना, खरं सांगणंही कमी होईल. म्हणून माझी अट आहे की शिकण्यासाठी आलेली माहिती शिस्तभंगाच्या फाइलीत जाता कामा नये. बेफिकिरी, नशा, रुग्णाशी गैरवागणूक, यांच्या चौकशीसाठी वेगळे मार्ग आहेत, ते असावेतच. पण ज्याने मनापासून काम केलं आणि अंदाज चुकला, त्याला निकाल कळवणारा कागद भीतीचा असू नये. माझी आजींची चूक मी आज लिहू शकते, कारण त्या सिस्टरनी ती जिन्यात, हळू आवाजात, शिकवायच्या भावनेने सांगितली.

प्रशिक्षणातही बदल हवा, आणि तो फार खर्चिक नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान पाच रुग्णांच्या मागे शेवटपर्यंत जावं. रुग्णवाहिकेतून उतरल्यावर गाडीबरोबर परत फिरायचं नाही, आत थांबायचं. आपण ‘अर्धांगवायू असावा’ म्हणून आणलेल्या माणसाचा स्कॅन डॉक्टरांच्या खांद्यामागून बघायचा. पूर्वसूचना दिल्याने आतलं पथक तयार होतं की नव्हतं, आणि त्यामुळे किती वेळ वाचला, हे घड्याळात बघायचं. मोडलेला हात-पाय हलू नये म्हणून आपण बांधलेला स्प्लिंट सोडताना रुग्ण ओरडतो का, हे ऐकायचं. आणि मग स्वतःच्या हँडओव्हरमधलं कोणतं वाक्य कामाला आलं, कोणतं आडवं आलं, ते लिहायचं. नोकरीत लागल्यावर आठवड्याला एक तास, कामाच्या वेळेत आणि पगारी, अशा केसेसवर बोलण्यासाठी ठेवावा. सीपीआरसारखं कौशल्य सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत घसरू लागतं, हे वारंवार दिसून आलं आहे, तरी नूतनीकरण बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनी. नजरेचं, अंदाजाचं कौशल्य तर आपण तपासतसुद्धा नाही.

लोक आम्हाला कधी ड्रायव्हर म्हणतात, कधी ‘अॅम्ब्युलन्सवाले’. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते रुग्णालयाच्या आतली माणसंही मनातून तसंच समजतात याचं. सामान पोचवणाऱ्याला सामानाचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. उपचार करणाऱ्याला सांगतात. आम्ही या दोघांपैकी कोण, हे त्या एका परत येणाऱ्या ओळीवरून ठरतं.

आजींच्या प्रसंगानंतर मी एक वही ठेवली आहे. नावं नाहीत. चार रकाने: काय दिसलं, काय वाटलं, काय केलं, पुढे काय झालं. पहिले तीन त्याच दिवशी भरते. चौथा बहुतेक पानांवर कोरा आहे. जिथे भरलेला आहे तिथलं मला तोंडपाठ आहे: ‘पित्ताशयाला सूज, हृदय नव्हे.’ ‘मान सुरक्षित.’ ‘साखर पुन्हा उतरली, दोन दिवस ठेवलं.’ ‘दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.’ एवढ्याच लांबीची वाक्यं. यातलं प्रत्येक मी पुढच्या कुठल्या तरी माणसाच्या उशाशी वापरलं आहे.

शेवटची नोंद गेल्या गुरुवारची. सत्तावीस वर्षांचा मुलगा, खेळताना अचानक कोसळला, आम्ही पोचलो तेव्हा शुद्धीवर, घामाने भिजलेला, “काही नाही, ऊन लागलं” म्हणणारा. ईसीजीतलं काहीतरी मला खटकलं. हँडओव्हरमध्ये तसं सांगितलं, ईसीजीची पट्टी हातात दिली, ‘खेळताना पडला, बसलेला असताना नव्हे’ हे दोनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडून विचारलं, “तुम्ही नातेवाईक का?”

“नाही. मी त्याला घेऊन आले होते.”

“मग नाही सांगता येणार.”